येसायचा गुलाब

फार फार वर्षांमागं, समुद्राकाठच्या पुळणवाडीत वाळूचंच राज्य होतं. पश्चिमेचा वारा सुटला की वाळू अंगणात यायची, चुलीत यायची, भातात कचकचायची. हळूहळू विहीरही बुजायला लागली. गावकर धाकोजी म्हणाला, "आता हयसून उठाया. वाळूशी कोण भांडतलो?"

त्या गावात येसाय राहायची. मासे सुकवून विकायची. एकदा परमुलखातलं गलबत खडकावर फुटलं, तेव्हा एका म्हाताऱ्या खलाशाला तिनं पेज भरवून उभं केलं. जाताना त्यानं तिच्या हातावर सुकलेली लाल फळं ठेवली. बोटानं वाळूत गुलाबाचं फूल काढून त्यावर एक फळ ठेवलं, मग वाळूची मूठ घट्ट आवळून दाखवली. येसाय समजली. हा गुलाब वाळू धरून ठेवतो!

तिनं फळांतल्या थोड्या बिया पेरल्या. उगवेनात. खलाशी थंडीच्या देशातला, बियांनाही गारवा हवा असणार, असं तिच्या मनात आलं. तिनं ओल्या वाळूच्या मडक्यात उरलेल्या बिया घालून ते विहिरीच्या तळाशी सोडलं. पुढच्या हिवाळ्यात त्या काढून पेरल्या, तेव्हा कोंब आले. पानं सुरकुतलेली, काटे माशाच्या काट्यांसारखे. खाऱ्या वाऱ्यानं त्या झाडाचं काही बिघडलं नाही, पण वैशाखाच्या उन्हात ते मान टाकू लागलं. देवळामागचा गावठी गुलाब उन्हाला पुरून उरायचा, पण खारा वारा लागला की करपायचा.

"ह्या दोघांचा लगीन लावूक व्हया," येसाय म्हणाली.

"काट्यांचा लगीन?" धाकोजी हसला. "आणि मंगलाष्टका कोण म्हणतलो?"

"तूच म्हण. गळो बरो आसा तुझो."

सारा गाव हसत जमला. येसायनं पदराचा अंतरपाट धरला, कोंबड्याच्या पिसानं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावले. अक्षता पडायच्या आधीच मधमाश्यांचा थवा दोन्ही झाडांवर उतरला, असं म्हणतात.

त्या लग्नाच्या बियांतून बरीच रोपं आली आणि मेली. एकच तगलं. उन्हालाही, वाऱ्यालाही. येसायनं त्याच्या फांद्या किनाऱ्यावर ओळीनं लावल्या. मासे धुतलेलं पाणी घालून बायकांनी त्या जगवल्या. एका पावसाळ्यात कुंपण माणसाच्या उंचीचं झालं, असं म्हणतात.

तरी धाकोजीचं गाठोडं बांधलेलंच होतं. मग एके दिवशी मोठं वादळ आलं. घरंदारं थरथरली. वारा पडल्यावर लोक बाहेर आले, तर सगळी वाळू काट्यांपाशी अडून टेकडीएवढी साचलेली, आणि अंगणं स्वच्छ! धाकोजीनं गाठोडं सोडलं आणि चूल पेटवायला सांगितलं.

पुढं येसाय खूप म्हातारी झाली. एका सकाळी फुलं बघायला कुंपणात शिरली. काट्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि ती वाट तिच्यामागं कायमची मिटली, असं म्हणतात.

पुळणवाडीत आजही नवी नवरी घराचं माप ओलांडण्याआधी किनाऱ्यावर त्या गुलाबाची एक फांदी लावते. बोटाला काटा टोचलाच तर बायका हसतात. "रडू नको गे," त्या म्हणतात, "येसायनं तुझो हात धरून बघल्यान."