फक्कीचं घर

"दादानं स्वतःच्या हातानं काढलेली मोकळी जागा दादालाच कशी दिसली नाही, चाचा?"

इसाकचाचा वाकून जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची रेघ सोडत होते. ते रेघ ओढतच पुढं सरकले.

हेच मी फौजदाराला विचारलं होतं. आईला विचारलं होतं.

माझा दादा सिद्राम चार वर्षं चाचांच्या हाताखाली घरं आखायला शिकला. त्यानं काढलेलं दुमजली घर उभं राहत होतं. वरच्या स्लॅबमध्ये जिन्यासाठी चौकोन मोकळा सोडला होता. नकाशा हातात धरून, खोली नीट नजरेत यावी म्हणून दादा मागं मागं सरकत गेला...

त्याला सव्वा महिना झाला.

"मला शिकवा," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता. पेन्सिल द्या."

"आईला विचारलंस?"

"ती म्हणते, एक गेला तेवढा बास."

"मग?"

"मग काय? मी आलोय."

चाचा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. माळावर फक्कीच्या रेघांचं अख्खं घर पसरलं होतं. खोल्या, दारं, खिडक्या. चाचांची रीतच तशी. शिकायला येणाऱ्याला आधी कागद नाही. आधी फक्कीच्या घरात चालायचं.

"ये आत."

मी तरातरा त्यांच्याकडं गेलो.

विटा उतरवणारी बायजाक्का फिसकन हसली. "अगं बया! भिंतीतनं आलं की हे भूत!"

मग तिनं जीभ चावली.

"परत जा," चाचा म्हणाले. "दारातनं ये."

माझे कान तापले. पण गेलो. दार शोधलं, आत आलो. चाचांनी चूल विचारली, खिडकी विचारली. मी बोट दाखवत गेलो. सोपं होतं. एवढ्यासाठी चार वर्षं?

"आता आपण माडीवर आहोत," चाचा म्हणाले. आमच्या दोघांच्या मधे त्यांनी पलंगाएवढा लांबट चौकोन काढला. "ही जिन्याची जागा. ये माझ्याकडं."

चौकोनात माती होती. वाळकं गवत होतं. एक मुंगळा चालला होता.

मी पाय उचलला...

खालून गार वारा लागला. खाली विटांचे तुकडे दिसले. उभ्या सळ्या दिसल्या. दादाची एक चप्पल दिसली. पाय टेकायला काही नव्हतंच.

"ये की."

"नाही येत."

"माती आहे रे."

"पडीन मी, चाचा..."

"सपाट रानात पडतोय होय?" वाळू चाळणारा तुका खिदळला.

"गप, मुडद्या," बायजाक्का म्हणाली.

उचललेला पाय मागं टाकायला गेलो. तोही टाकवेना. मागं काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. तसाच खाली बसलो आणि हातानं मागची जमीन चाचपली.

चाचांनी माझ्या हाताकडं बघितलं.

मग ते माझ्याकडं आले. सरळ नाही. चौकोनाला वळसा घालून आले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुढं केली.

"घे."

"भ्यालेल्याला देता?"

"न भिणाऱ्याला दिली होती एकदा..."

मी पेन्सिल घेतली.

त्या दिवशी मी कागदाला हात लावला नाही. चार लांब काठ्या शोधल्या आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठोकल्या. कमरेइतक्या उंचीवर सुतळी ओढून चारी बाजूंनी बांधली. उद्या इथं खरी माडी उठली की कामावरच्या माणसांना असाच अडसर लागणार होता.

"मातीला कठडा!" तुका म्हणाला.

बायजाक्का डोक्यावर विटा घेऊन आली. सुतळीपाशी थबकली, आणि वळसा घालून पुढं गेली.

चाचा उकिडवे बसले. सुतळीच्या खालून त्यांनी पलीकडं पाहिलं. हात लांब करून जमिनीपासून वीतभर उंची मोजली.

"इथं अजून एक सुतळी बांध," ते म्हणाले. "ज्यांचं हे घर, त्यांच्याकडं रांगतं पोर आहे."