कोंबड्याखाली पोकळ

देवाशप्पथ खरं सांगतो. माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, हे सोडा.

"...मग आता तरी सांगा बाबा, शिकलो की नाही मी?"

मल्लिनाथनं तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनबाबा फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांची नक्षी बसवून गावातले खड्डे बुजवायचे. मल्लिनाथ सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता. हा उतारावरचा खड्डा त्यानं पहिल्यांदाच एकट्यानं बुजवला होता. वर तुकड्यांचा, लाल तुऱ्याचा कोंबडा! बघायला अख्खी गल्ली लोटली होती.

बाबा वाकले. बोटांच्या पेरांनी ठोकत गेले.

टक्... टक्...

कोंबड्याच्या पोटाशी आवाज फिरला. रिकाम्या रांजणासारखा.

खालून पाण्यानं माती पार पोखरली होती. घट्ट जमीन लागेपर्यंत खणायचं, मग भरायचं, मग नक्षी, ही बाबांची रीत. पण मल्लिनाथ आधीच लोकांना बोलावून बसला होता. पोकळीवर त्यानं फरशी टाकली, फरशीवर कोंबडा.

हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनी गमछा अंथरला. नेमके कोंबड्याच्या पोटावर मांडी घालून बसले आणि भाकरी सोडली.

"बाबा... तिकडं सावलीत बसा की."

"का रे? चावतो का तुझा कोंबडा?"

गल्ली खो खो हसली.

बाबांनी घास मोडला. खाली काहीतरी बारीक करकरलं.

"सरका बाबा, मी पण टेकते जरा," म्हणत शेवंतामावशी कडेवरच्या नातवाला घेऊन पुढं आली.

बाबांनी मल्लिनाथकडं पाहिलं.

मावशीनं पाऊल उचललं.

"मावशी, थांबा! बाबा, उठा! खाली पोकळ आहे! मला माहीत होतं!"

मल्लिनाथनं बाबांना हात धरून ओढलं, पहार उचलली आणि स्वतःच कोंबड्यावर घातली. कोंबडा आत गेला. मागोमाग पहारही गेली. तळाशी आपटल्याचा आवाज यायला वेळ लागला.

मल्लिनाथ बाबांकडं वळला.

"तुम्हाला तर ठोकल्याबरोबर कळलं होतं. मग बसलात कशाला?"

आता कबूल करतो. शेवंतामावशी आणि तिचा नातू माझ्या पदरचे. तिथं कुणीच पुढं आलं नव्हतं. बाबा एकटेच बसले होते, आणि त्यांची दुसरी भाकरी संपत आली तेव्हा कुठं मल्लिनाथच्या तोंडून शब्द फुटला.

बाबांच्या उत्तराला मात्र मी हात लावलेला नाही.

"माझ्या शिष्याचं काम. त्यावर मी नाही बसायचं, तर कुणाला बसवायचं?"