रश्श्याचा पहिला वाडगा

हजारभर मेंढ्या डोंगर उतरतानाचा तो बें-बें गलका अजून माझ्या कानांत आहे. तरुणपणी मी उत्तरेकडच्या एका चिमुकल्या देशात मेंढ्या राखायला गेलो होतो. मेंढ्या खाली आणल्या की गावजेवण असे, आणि मला हिवाळाभर ठेवायचं की परत धाडायचं, हे गाव त्याच पंगतीत ठरवणार होतं.

तिथं सरकार कुणाचंही येवो, जुन्या रीती जपणाऱ्या पक्षाच्या टेकूवाचून ते उभं राहत नसे. त्या पक्षाचे पुढारी मोटारीतून आले आणि रश्श्याचा पहिला वाडगा हातात घेऊन म्हणाले, "आपल्या पंगतीत हा परका कसा? पूर्वजांची रीत मोडू नका!"

वाढणारी स्टेनुन आजी म्हणाली, "बरोबर बोललात, साहेब. रीत अशी, की मेंढ्यांमागे जो डोंगर चढेल त्यानंच इथं जेवायचं. हा तीन दिवस वर होता. तुम्ही कुठल्या कड्यावर होतात?"

हशा पिकला. साहेबांनी वाडगा खाली ठेवला. बाकावरची माणसं सरकली, मला जागा झाली.

"हिवाळ्यात आमचा गोठा हाच बघेल," एक शेतकरी म्हणाला.

आजीनं तो वाडगा माझ्या हातात दिला. आभार मानायला मी तोंड उघडलं, तोवर ती चुलीकडे निघून गेली.