पडद्याआडचा हात

समुद्राकाठच्या एका बंदरात बाबशेट नावाच्या व्यापाऱ्याची सुपारीची पेढी होती. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. शेजारी बसलेल्यालाही काही कळत नसे. त्यामुळे दलाल चांगला, तर पेढी चांगली.

बाबशेटचा जुना दलाल वारला. नवा माणूस हवा होता. बाबशेट न्यायाने वागणारा माणूस होता, आणि तसं लोकांनी म्हणावं असंही त्याला वाटे. त्याने पेढीत एक पडदा लावला. म्हणाला, "मी अलीकडे बसतो. ज्याला काम हवं त्याने पलीकडून नुसता हात द्यावा. कोणाचा कोण, कुठल्या आळीतला, मला बघायचं नाही."

पुष्कळ हात आले. काही घाईचे होते, काही घाबरलेले. एक हात मात्र शांत होता. बाबशेटने त्याला खोटा भाव देऊन पाहिला, चिडवून पाहिलं. तो हात चिडला नाही आणि फसलाही नाही. "हाच," बाबशेट म्हणाला आणि त्याने पडदा सारला.

पलीकडे मर्जान बसला होता. तो सिद्दी होता. त्याचे पूर्वज फार पूर्वी आफ्रिकेतून जहाजावर आले होते. रंग काळा, केस कुरळे, आणि बोली अगदी बाबशेटच्या घरात बोलत तीच. पेढीतली माणसं बाबशेटकडे बघू लागली. मग बाबशेट म्हणाला, "शब्द दिला तो दिला." जुन्या दलालाला होता तेवढाच पगार त्याने मर्जानला ठरवला. बंदरात बाबशेटचं फार कौतुक झालं.

मर्जान गादीवर बसला. पहिला आला भिवाजी, घाटावरचा मोठा खरेदीदार. त्याने मर्जानकडे पाहिलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला. हाताला चुना लागलाय, म्हणाला. दुसऱ्याला एकाएकी काम आठवलं. तिसऱ्याने हसत विचारलं, "काय रे, तुमच्या मुलखात पाऊस पडतो का?"

"पडतो की," मर्जान म्हणाला. "काल तुम्ही भिजलात ना, तोच."

सगळे हसले. हात मात्र कोणी दिला नाही.

संध्याकाळी बाबशेटने त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, पडदा थोडे दिवस राहू दे. तू आत बस, हात तेवढा बाहेर दे. लोकांना तुझ्या हाताची सवय होईल, मग पडदा काढून टाकू. मर्जानला ते पटलं. शेट शब्दाला जागणारा होता, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा नाही?

पडद्याच्या खालच्या कडेला एक उपरणं शिवून टाकलं. हात त्या उपरण्याखालूनच बाहेर येई. कोणाला तो दिसत नसे. मर्जान गादीवर दिसेना, तेव्हा तो काम सोडून गेला असंच बाजाराला वाटलं.

लोकांना हाताची सवय झाली. त्या हाताचा भाव पक्का असे, त्यात खोट नसे. पेढी वाढली. आत कोण बसतं असं कोणी विचारलं, तर बाबशेट म्हणे, "आमचाच माणूस." लोक धरून चालले की तो बाबशेटचा पुतण्या विनायक असणार. बाबशेट खोटं बोलला नाही. लोकांचा समज त्याने दुरुस्त केला नाही, एवढंच. विनायकनेही केला नाही. पेढीतल्या इतर माणसांना सगळं ठाऊक होतं, पण आपलं काय जातंय म्हणून ती गप्प राहिली.

मर्जान सकाळी मागच्या दाराने आत येई आणि त्याच दाराने बाहेर जाई. दुपारी एकटा जेवे. बाहेर गादीवर चहा येई, थट्टामस्करी चाले. एखादी गोष्ट ऐकून त्यालाही हसू येई. तो हसे. मग त्याच्या ध्यानात येई की आपलं हसणं कोणी ऐकलेलं नाही, आणि तो हसायचा थांबे.

तो माणसांना हातांवरून ओळखू लागला. एकदा भिवाजीचा हात उपरण्याखाली आला. भाव ठरला तरी त्याने हात मागे घेतला नाही. मर्जानने तो धरून ठेवला. भिवाजीची बायको आठवड्यापूर्वी गेली होती, हे मर्जानला नंतर बाहेरच्या बोलण्यातून कळलं. त्या दिवसापासून भिवाजी दुसऱ्या पेढीची पायरी चढला नाही.

मर्जानचा धाकटा भाऊ उस्मान होडी चालवी. डोक्याने तापट होता. तो म्हणे, "भाई, उद्या येतो आणि फाडतो तो पडदा. नाहीतर सोड काम. दोघांपुरतं होडीवर मिळतं."

"पोटाचं नाही रे," मर्जान म्हणे. "मला त्या गादीवर बसायचंय. चारचौघांत, तोंड दाखवून. शेट म्हणालेत, पाडव्याला बघू."

पाडवा येई. बाबशेट म्हणे, यंदा बाजार नरम आहे, पुढच्या पाडव्याला. पुढच्या पाडव्याला बाजार तेजीत असे, मग ऐन तेजीत कशाला घोळ घालायचा, असं तो म्हणे. असे पुष्कळ पाडवे गेले. उस्मानने पडदा फाडला नाही. भावाने थांब म्हटलं म्हणून तो थांबला. थांबायला नको होतं.

एका पाडव्याला पेढीवर सगळे व्यापारी पानसुपारीला जमले होते. भिवाजी नारळ आणि शाल घेऊन आला. म्हणाला, "बाबशेट, आज पडद्यामागच्या माणसाला बाहेर बोलवा. माझ्या वाईट दिवसांत त्याने माझा हात सोडला नाही. मला त्याला सगळ्यांसमोर शाल घालायची आहे."

पडद्याआड मर्जान उठून उभा राहिला. त्याने सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या.

बाबशेटने पडद्याकडे पाहिलं. एक नाव घ्यायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. मग त्याने जमलेल्या व्यापाऱ्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण कोणाच्या हातात हात देत होतो हे कळल्यावर यातले किती उठून जातील, याचा त्याने अंदाज बांधला. आणि तो म्हणाला, "विनायक, ये रे पुढे."

विनायक आला. भिवाजीने त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि त्याचा हात हातात घेतला. घेतला आणि लगेच सोडला.

"हा तो हात नाही," तो म्हणाला.

कोणी काही बोलायच्या आत त्याने पडदा ओढला. आत एक चटई होती. मागचं दार सताड उघडं होतं.

भिवाजीने विचारलं, कोण होता? बाबशेटने खाली बघत नाव सांगितलं. मग म्हणाला, "माझ्यावर डोळे कशाला काढता? पहिल्या दिवशी हात तुम्हीच मागे घेतला होता."

"घेतला होता," भिवाजी म्हणाला. "मी मागे घेतला. तुम्ही झाकून ठेवलात. आता दोघांनी मिळून त्याला शोधायला हवं."

व्यापाऱ्यांपैकी दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले. बाबशेटला वाटलं होतं तेवढे काही गेले नाहीत.

मर्जान उस्मानच्या खोपटात पडून होता. त्याला ताप भरला होता. उस्मान विचारी, काय झालं, कोणी काय म्हटलं? मर्जान म्हणे, कोणी काही म्हटलं नाही. खरंच होतं ते. कोणी त्याला काहीच म्हटलं नव्हतं. उस्मान त्याच्या उशाशी बसून राही. पण मर्जान भिंतीकडे तोंड करून झोपे, आणि भाऊ जवळ असून त्याला जवळ वाटत नसे. इतकी वर्षं एकटं बसून माणसाला एकटं बसायचीच सवय होते.

भिवाजी रोज निरोप धाडी, गेलात का? बाबशेट म्हणे, सणाची गर्दी ओसरू दे, निवांत जाऊ, नीट बोलू. त्याने पडदा काढला, गादीला नवी खोळ घातली. मग एका सकाळी तो एकटाच निघाला, वाट विचारत विचारत खोपटाशी पोचला आणि दारातून त्याने हात पुढे केला. वर उपरणं नव्हतं. म्हणाला, "मर्जान, चल. गादीवर बस. सगळ्यांसमोर."

अंधारातून उस्मान पुढे आला. बाबशेटला मारायला तो कधीपासून टपला होता. पण त्याने हात उगारला नाही. त्याचा आवाजही चढला नाही.

"हात मागे घ्या, शेट," तो म्हणाला. "धरणारा काल तापात गेला."

बाबशेट दारात तसाच उभा राहिला. हात बराच वेळ पुढेच राहिला. उस्मान आत जाऊन भावाच्या रिकाम्या चटईशी बसला.

तात्पर्य: एखाद्याला कामावर घेतलंत, पगार सारखा दिलात, म्हणजे न्याय पुरा झाला असं समजू नका; चारचौघांत त्याचं नाव घेऊन त्याला शेजारी बसवाल तेव्हाच तो पुरा होतो, आणि ते करायचं असेल तर माणूस आहे तोवर करा.