पाण्यावरचे उंदीर

"पण बाबा, नुसतं पाणी पिऊन कंप जाईलच कसा?"

डॉ. सौमित्र खांबेटे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. कोंडाजीबाबा अंगणात बसून, हाताला ओलं फडकं गुंडाळून खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा निवडत होते. कंपवाताला आसपासच्या गावांत त्यांचंच बी चालायचं. डॉक्टरांनी ते प्रयोगशाळेत नेलं होतं आणि आता भांडायला आले होते.

भांडण खरं तर बाबांशी नव्हतंच. डॉक्टरांच्या आईचे हात थरथरत होते. तिला चहाची कपबशी धरवत नव्हती. उंदरांना गुण आला की तिला द्यायचं, एवढ्यासाठी तीन वर्षं ते या बियांच्या मागे हात धुऊन लागले होते.

"वीस उंदीर होते. दहांना तुमचं बी, दहांना नुसतं पाणी."

"समदे कापत व्हते?"

"हो. इंजेक्शन देऊन आम्हीच कंप आणला होता."

बाबांचा हात थांबला. "म्हंजी आधी तुमीच आजारी पाडायचं, आन् मंग तुमीच बरं करायचं?"

"त्याला मॉडेल म्हणतात, बाबा."

"हां... आमच्या सरपंचाची बी हीच रीत हाय."

डॉक्टरांना हसू आलं नाही. "वीसच्या वीस बरे झाले! पाण्यावरचे दहा तर आधी. म्हणजे तुमच्या बियांत दम नाही... किंवा हे बी खाजकुइलीचं नाहीच!"

असं म्हणून त्यांनी पाटीतली शेंग उचलली आणि तिच्यावरची मऊ सोनेरी लव दोन्ही तळव्यांत चोळून पाहिली. खाजकुइलीवर त्यांचे सात शोधनिबंध होते, पण तिची शेंग त्यांनी आज पहिल्यांदा हातात धरली होती.

शेंग अस्सल होती.

डॉक्टर उभ्या उभ्या नाचू लागले. बाबांनी त्यांची दोन्ही मनगटं धरून त्यांना खाली बसवलं.

"खाजवू नगा, पसरंल! सूनबाई, शेन आन गं गोठ्यातनं!... डोळं मिटा, डागदर."

डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटले. तळव्यांना काहीतरी गार लागलं. बाबा सावकाश हात पुसत होते आणि गप्पा मारल्यासारखं विचारत होते.

"उंदरांस्नी पानी कोन पाजतं?"

"हिराबाई मावशी... आई गं!... आमच्याकडे साफसफाईला आहेत."

"आन् बी?"

"ते मी. घड्याळ लावून. नळीनं. सहा सेकंदांत एक उंदीर."

"मावशीस्नी किती लागत्यात?"

"त्यांचं काही विचारू नका! या बिचाऱ्यांना औषध नाही म्हणून त्यांना दया येते. एकेकाला पदरात घेऊन बसतात, पाठीवरून हात फिरवतात, नावं ठेवलीत त्यांची. मी दोनदा रागावलो."

"ऐकत न्हाईत?"

"छे!"

बाबांचा हात चाललाच होता.

"कमी झाली खाज?"

"झाली की! कमाल आहे." डॉक्टरांचा चेहरा सैल पडला. "या शेणात नेमकं काय असतं हो? तपासलं पाहिजे."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मामंजी, शेन आनलंया. कुनाला लावायचं?"

डॉक्टरांनी डोळे उघडले. सून दारात पाटी घेऊन उभी होती. बाबांच्या हातात त्यांचा खांद्यावरचा पंचा होता, तांब्यातल्या पाण्यात बुडवलेला.

डॉक्टर पंच्याकडे बघत राहिले. मग बाबांच्या हाताकडे...



"आईला तुमी रोज काय देता?" बाबांनी विचारलं.

"गोळ्या. टेबलावर वारांप्रमाणे मांडून ठेवतो. घेतली का, म्हणून दुपारी फोन करतो." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. त्यांना लाज वाटली. पण हुशार माणूस फार वेळ लाजत नाही. ते ताडकन उठले. "समजलं, बाबा! उद्यापासून हिराबाई मावशींनाच आईकडे पाठवतो. रोज अर्धा तास!"

बाबांनी पंचा पिळला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

"मावशीस्नी ऱ्हाऊ द्या उंदरांपाशी... तुमची रजा किती शिल्लक हाय?"