टोपल्या विणणारी शलोमी आणि अतृप्तीचा शाप

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. त्याची सात कोठारे भरलेली, आठव्याचा पाया खणणे चाललेले. तरी भृंगनाद मांत्रिकाच्या गुहेतली रत्नपेटी त्याने सैन्य धाडून उचलून आणली. तेव्हा मांत्रिक म्हणाला, "राजा, पुरे हा शब्द तुला ठाऊक नाही. आजपासून तुझ्या घरात तो कोणालाच उमगणार नाही."

तसेच झाले. राजवाड्यात लोक जेवत, पण भूक भागेना. पाणी पीत, पण घसा कोरडाच. सर्वांत हाल झाले राजकन्या मंदारिकेचे. सात वर्षांची पोर ताटामागून ताट संपवी आणि काडीसारखी वाळत जाई.

वाड्यातली बोलकी मैना म्हणाली, "पेटी परत न्यावी. वाटेत तीन दारे लागतील, प्रत्येक दार काही देऊ करील. खऱ्या मनाने 'माझे भागले' म्हणेल त्यालाच वाट मिळेल. खोटे बोलेल तो दगड होईल."

नऊ वीर गेले. नऊही दगड झाले, आणि पेटी दर वेळी आपोआप वाड्यात परतली.

मग मैना उडाली ती नदीकाठच्या एका झोपडीवर जाऊन बसली. तिथे शलोमी टोपल्या विणीत होती. ती आणि तिचा नवरा बरूख प्रभू येशूला भजणारी माणसे. घास उचलण्याआधी ती उपकार मानीत. राजा मैनेमागून अनवाणी आला.

"बाई, मागशील ते देईन. माझी लेक वाचव."

"केवढी आहे?" शलोमीने विचारले.

"सात वर्षांची."

शलोमीच्या हातातली कांब थांबली. तिची लेक रोदा तापाने गेली तेव्हा सहा वर्षांची होती.

"जाते," ती म्हणाली.

बरूखने तिचे मनगट धरले. "दगड झालीस तर?"

"प्रभूने आजवर सांभाळले आहे. तुम्ही प्रार्थना करा."

पेटी डोक्यावर घेऊन ती डोंगर चढली. पहिल्या दाराआड संगमरवरी घर होते. दार बोलले, "तुझे छप्पर गळते. हे घे."

शलोमीने त्या कोरड्या भिंती डोळे भरून पाहिल्या. मग तिला गळत्या छपराखाली मडकी सरकवीत हसणारा बरूख आठवला. "आमचे भागते," ती म्हणाली. दार उघडले.

दुसऱ्या दाराआड ती स्वतःच पालखीत बसलेली दिसली. पाणवठ्यावर तिची थट्टा करणाऱ्या बायका पालखीपुढे वाकल्या होत्या.

"नको मला," ती चटकन म्हणाली. त्याबरोबर तिचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले.

शलोमी घाबरली. मग हळूच म्हणाली, "खोटे बोलले. हवे आहे मला. राग अजून गेलेला नाही. पण प्रभूने मला क्षमा करून लेक म्हटले. एवढा मान मला पुरे." पायांत ऊब आली. दार उघडले.

तिसऱ्या दाराआड रोदा उभी होती. नुकतीच न्हालेली, ओल्या केसांची. "आई, वेणी घाल ना!" तिने हात पसरले.

दार म्हणाले, "पेटी घेऊन मागे फीर आणि हिला ने. नाहीतर भागले म्हण."

शलोमी मटकन खाली बसली. शेवटी ती म्हणाली, "हिच्यावाचून माझे भागते, असे मी कधीही म्हणणार नाही. घर रिकामे आहे. पण त्या रिकाम्या घरात प्रभू माझ्याजवळ बसतो. माझी रोदा त्याच्यापाशी आहे, आणि राजाची लेक अजून वाचायची आहे. तो आहे, म्हणून माझे भागेल."

तिने रडत रडत पेटी उंबऱ्यावर ठेवली. रोदा हसली आणि धुक्यासारखी विरून गेली.

आतून भृंगनाद आला. "वीर पुरे म्हणाले आणि दगड झाले. तू तर भागत नाही म्हणालीस, तरी जिवंत आहेस. हे कसे?"

"मी एकटी नव्हते," शलोमी म्हणाली.

मांत्रिकाने मान लववली, पेटी उचलली आणि शाप मागे घेतला. डोंगरउतारावर नऊ वीर डोळे चोळीत उठले.

इकडे वाड्यात मंदारिकेने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सारले. "बाबा, पोट भरले."

राजा तिथेच गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला. त्याने आठव्या कोठाराचा पाया बुजवला आणि सातांची दारे रयतेला उघडून दिली. मग शलोमीला विचारले, "तुला काय देऊ?"

"राजकन्येची वेणी घालू द्या," ती म्हणाली.

तिने सावकाश, पेडावर पेड घालीत वेणी घातली. मंदारिका तिच्या मांडीला टेकून झोपी गेली. मग शलोमी उठली आणि उन्हे कलायच्या आत घरी, बरूखकडे गेली.

शाप सरला, राज्य सावरले. ही कथा ऐकणाऱ्यांच्या घरीही घासाघासाला तृप्ती असो.