खंडेनवमीचा सिंथेसायझर

यंत्रमागांच्या एका गावात निरंजन कबाडे नावाचा एक संगीतकार राहत होता. माडीवरच्या खोलीत त्याने आपला स्टुडिओ थाटला होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचं जंजाळ आणि टेबलावर ओळीने मांडलेले सिंथेसायझर. कॉम्प्युटरमधून तयार आवाज उचलणाऱ्यांना निरंजन हसायचा. स्वतःच्या हाताने नॉब फिरवून, कानाने चाखत चाखत आवाज घडवावा, तर ते खरं संगीत, असं त्याचं मत.

त्यातला सगळ्यात जुना सिंथेसायझर त्याचा फार लाडका. त्याला नॉब चाळीस आणि स्मरणशक्ती शून्य. नॉब हलले की आधीचा आवाज गेला, तो गेलाच. आणखी एक खोड होती. गार असताना हा गडी बेसूर रडायचा. अर्धा तास चालू राहून आतून ऊबदार झाला की मग सुरात यायचा. जाणती माणसं अशा यंत्रावर चांगला आवाज सापडला, की सगळ्या नॉबांच्या जागा कागदावर उतरवून ठेवतात. निरंजन उतरवत नसे. "माझे कान हीच माझी वही," असं तो म्हणे. कान त्याचे खरोखरच तिखट होते, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. कान तिखट असले की माणसाला वाटायला लागतं, आपण सगळंच ऐकतो.

नवरात्राच्या चौथ्या माळेला त्याला त्या यंत्रावर एक आवाज सापडला. दोन सूर जवळजवळ एकच, पण केसभर अंतर राखून चालणारे. त्या अंतरामुळे आवाज श्वास घेतोय असं वाटे. कोल्हापूरच्या वसुधाताई तेव्हा एक नाटक बसवत होत्या. निरंजनने त्यांना फोनवरून तो आवाज ऐकवला. ताईंनी तो पुन्हा एकदा वाजवायला लावला. मग म्हणाल्या, "आता याला कुणी हात लावू नका. नवमीला दुपारी चार वाजता मी शालिनीबाईंना घेऊन येते."

शालिनीबाई म्हणजे ऐंशीला टेकलेली नटी. नाटकातलं शेवटचं स्वगत त्यांच्या आवाजात हवं होतं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर तो आवाज राहील की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. बाईंची अट एकच होती. सूर कानावर पडत असतानाच त्या बोलणार. नंतरची जोडाजोडी त्यांना चालणार नव्हती. नवमी चुकली, तर सगळंच चुकणार होतं.

"तोवर आवाज रेकॉर्ड तरी करून ठेवा," वसुधाताईंनी सुचवलं.

"सूर म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?" निरंजन हसून म्हणाला. त्यानंतर पाच दिवस त्याने तो सिंथेसायझर क्षणभरही बंद केला नाही.

घरात दुसरं माणूस एकच, त्याचे वडील अप्पा. अप्पांनी चाळीस वर्षं जॉबर म्हणून काम केलं होतं. बिघडलेला माग खोलून, नीट बसवून पुन्हा चालता करायचा, हे जॉबरचं काम. खंडेनवमीला गल्लीतले कारखानदार अजूनही मागांच्या पूजेला अप्पांना मानाने बोलवत. त्या दिवशीही ते सकाळपासून मागांच्या शेड हिंडले आणि तीनच्या सुमाराला घरी आले. गावाची यंत्रं पुजून झाली, आपल्या पोराची तेवढी राहिली, हे काही त्यांना बरं वाटेना. निरंजन माइकचा स्टँड आणायला बाजारात गेला होता. अप्पा ताट घेऊन माडीवर गेले.

साडेतीनला निरंजन परतला. जिन्यातच त्याला उदबत्तीचा वास आला. वर येऊन पाहतो तर सिंथेसायझरला झेंडूची माळ, वर हळदकुंकू, आणि धूळ पुसून यंत्र कसं लख्ख! त्याने घाईघाईने एक पट्टी दाबली.

आवाज आला तो कुत्र्याच्या रडण्यासारखा. दोन्ही सूर एकमेकांशी कचाकचा भांडत होते.

"अप्पा!" तो ओरडला. अप्पा प्रसादाचं ताट घेऊन जिना चढत होते, ते दारातच थबकले. "तुम्ही याला हात लावला?"

"पुसलं की. आज खंडेनवमी न्हवं का? आरं, आईक, मी फकस्त..."

"फक्त काय? चाळीस नॉब आहेत त्याला! एक जरी हलला तरी सगळं संपलं. तुम्हाला हा माग वाटला होय?"

"तसं न्हाई रं. पूजेच्या टायमाला मी..."

"बोलू नका! मला ऐकू द्या!"

निरंजनने पहिला नॉब धरला. सूर जवळ आले, पण मिनिटभरात पुन्हा लांब सरकले. त्याने दुसरा फिरवला, मग तिसरा. घड्याळ पुढे चाललं होतं. एक सूर जागेवर आणावा, तोच आपोआप हलायचा. इथे तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण नॉब न फिरवता सूर सरकतोय याचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता. पण राग एकदा डोक्यात शिरला, की शहाणपण पहिलं बाहेर पडतं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"जरा धा मिन्टं थांब की," अप्पा दारातून म्हणाले.

"दहा मिनिटं? आहेत कुठं माझ्याकडं दहा मिनिटं?"

चाराला पाच कमी असताना चाळिसांतला एकही नॉब जागेवर उरला नव्हता. पहिला आवाज कुठे होता आणि आपण कुठे आलो, हे त्याच्या तिखट कानांनाही सांगता येईना. तो डोक्याला हात लावून खुर्चीत बसला.

आता कुठे खोलीत शांतता झाली, आणि अप्पांना बोलायला जागा मिळाली.

"मी नॉबला बोटसुदिक लावलं न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्यानं बसवलेल्या मागाचा नट जॉबर कधी फिरवत न्हाई. बारक्या ब्रशानं कडंकडंनं धूळ काडली. फकस्त पूजेपुरतं बटण बंद केलं हुतं. चालत्या यंत्राची पूजा करत न्हाईत. आरती झाली, की लगीच चालू केलं."

आता निरंजनला उमगलं. यंत्र गार पडलं होतं, एवढंच झालं होतं. तो आला तेव्हा चाळीसच्या चाळीस नॉब जागच्या जागी होते. चार वाजेपर्यंत त्याने नुसता हात आवरला असता, तरी आवाज आपल्या पायाने परत आला असता. पाच दिवस डोळ्यांत तेल घालून जपलेली वस्तू त्याने स्वतःच्या हाताने पंचवीस मिनिटांत मोडली होती.

खाली गाडी थांबली. शालिनीबाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आल्या. मागून वसुधाताई आल्या आणि म्हणाल्या, "लावा आवाज."

निरंजन जागचा हलला नाही. वसुधाताईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग झेंडूच्या माळेकडे, मग अप्पांकडे. "कुणी हात लावला याला?" त्यांचा आवाज एकदम कडक झाला.

अप्पा पुढे सरले. "बाई, माज्याकडनंच चूक झाली. पूजेच्या नादात..."

निरंजनच्या मनात पाप आलं. खोटं कशाला सांगा, आलंच. नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं. पूजेच्या भरात म्हाताऱ्याने घोटाळा केला, हे कुणालाही पटलं असतं. नाव राहिलं असतं, काम राहिलं असतं. त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून उभे होते, न केलेल्या गुन्ह्यासाठी.

"नाही," निरंजन म्हणाला. "अप्पांनी काही केलं नाही. आवाज जागेवर होता. मीच सगळे नॉब फिरवले. ते मला तीनदा सांगायला आले, मी तिन्ही वेळा त्यांना गप्प केलं."

शालिनीबाई स्टुलावर टेकल्या, दम खाल्ला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, परवा माझा गळा कापणार आहेत. पण सुरी उचलायच्या आधी डॉक्टरनंसुद्धा मला विचारलं, बाई, तुम्हाला काय होतंय?"

निरंजनला मान वर करवेना. मग तो यंत्रापाशी बसला आणि तासभर झटला. पहिल्या आवाजाच्या जवळपास जाणारं काहीतरी हाताला लागलं. त्यावर बाई बोलल्या, आणि काय बोलल्या! मागचा सूर मात्र नुसता वाजत राहिला, त्याने श्वास काही घेतला नाही. रेकॉर्डिंग थांबलं. वसुधाताईंनी कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाल्या, "चालेल."

आजवर निरंजनने आपल्या कामाची वाहवा ऐकली होती, शिव्याही ऐकल्या होत्या. हा एक शब्द त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबला.

पाहुणे गेल्यावर तो अप्पांच्या पायाशी बसला. "चुकलो, अप्पा. माफ करा मला."

"माफी कसली घिऊन बसलाईस?" अप्पा म्हणाले. "फुडच्या टायमाला माजं वाक्य तेवढं पुरं हू दे."

तात्पर्य: समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय त्याला दोष देऊ नये, रागाच्या भरात दुरुस्तीला धावणारा हात धड असलेली वस्तूच मोडून ठेवतो.